गेल्या रविवारचा भाव

वस्तूची किंमत तिच्या पुढील उपयोगावरून ठरावी, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा होय. प्रत्यक्षात मात्र माणसे किंमत मोजतात ती बहुधा सरलेल्या दिवसाची. काल चढलेला शेअर आज घेतला जातो. गेल्या हंगामात कांद्याला भाव मिळाला म्हणून या हंगामात गावोगाव कांदाच लावला जातो. एका परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी जन्मभर पहिलाच राहणार असे गृहीत धरले जाते. या प्रवृत्तीचा अभ्यास करावयाचा असेल तर त्यासाठी एक अनपेक्षित प्रयोगशाळा अमेरिकेत उपलब्ध आहे. तिचे नाव 'फॅन्टसी फुटबॉल'. तिच्यात दर हंगामाच्या मध्यावर, दर आठवड्याला, एक छोटा बाजार भरतो. त्यातील माल म्हणजे कोणत्याही कल्पित संघात नसलेले 'मोकळे' खेळाडू. आणि गिऱ्हाईक म्हणजे एरवी शहाणी म्हणून ओळखली जाणारी माणसे.

या खेळाचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. अमेरिकन फुटबॉलमधील ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांचे काही सोबती १९६२ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसले असता ही कल्पना निघाली, आणि १९६३ साली आठ जणांनी पहिली 'लीग' सुरू केली. कल्पना साधी होती. प्रत्येकाने खऱ्या संघांतील खेळाडू आळीपाळीने निवडून कागदावर आपला एक संघ रचायचा. खरे सामने होतील तसतसे त्या खेळाडूंच्या कामगिरीचे गुण आपल्या खात्यात जमा करायचे. चेंडू घेऊन दहा यार्ड धावले की एक गुण, चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपार नेला, म्हणजे 'टचडाऊन' केले, की सहा गुण, असा हिशेब आज सर्वसाधारणपणे रूढ आहे. पुढे संगणक आले, हिशेब आपोआप होऊ लागला आणि मूठभर मित्रांचा हा विरंगुळा लक्षावधी लोकांचा छंद बनला.

हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या निवडीची चर्चा फार होते. परंतु खेळाचा खरा कस लागतो तो मध्यावर. अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघात ५३ खेळाडू. बारा जणांच्या कल्पित लीगमध्ये प्रत्येकी पंधरा खेळाडू धरले तर १८० जण निवडले जातात. उरलेल्यांपैकी बहुसंख्य बचावातील वा अडवणुकीच्या कामातील असल्याने त्यांच्या नावावर गुण जमतच नाहीत. आणि जे गुण मिळवू शकतात त्यांना संधी नसते. म्हणजे बाजारात शिल्लक असलेला माल बहुतांशी नाकारलेला असतो. अशा स्थितीत एखाद्या नामांकित खेळाडूचा गुडघा दुखावतो, कोणी संघातून काढला जातो, आणि कालपर्यंत अनामिक असलेला खेळाडू अचानक मैदानाच्या मध्यभागी येतो. त्याला घ्यावे की घेऊ नये, घ्यावयाचा तर किती मोल द्यावे आणि त्याच्यासाठी कोणाला सोडावे, हे तीन प्रश्न दर आठवड्याला सोडवावे लागतात.

गुण, संधी आणि संधीचे कारण

पहिल्या प्रश्नाचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १६ नोव्हेंबर २०१४ रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या जोनास ग्रे या खेळाडूने इंडियानापोलिसविरुद्ध ३७ वेळा चेंडू घेऊन धावत २०१ यार्ड मिळवले आणि चार टचडाऊन केले. त्याआधी त्याच्या नावावर या लीगमध्ये एकही टचडाऊन नव्हते. प्रचलित हिशेबाने एका दिवसात ४४ गुण! पुढल्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच नाव असावे, यात नवल नाही. पण त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. संघाने लगॅरेट ब्लाऊंट या आपल्या जुन्या, अनुभवी खेळाडूला पुन्हा करारबद्ध केले. आणि शुक्रवारी ग्रे झोपून राहिल्यामुळे सरावाला उशिरा पोहोचला. पुढच्या रविवारी त्याला एकदाही मैदानात उतरवण्यात आले नाही. ब्लाऊंटने दोन टचडाऊन केले. संपूर्ण हंगामात ग्रेचे यार्ड भरले ४१२. त्यांतील जवळपास निम्मे त्या एकाच दिवसाचे होते. पाचपैकी चार टचडाऊनही त्याच दिवसाचे.

यावर सांख्यिकीचा जाणकार म्हणेल की हे अपेक्षितच होते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली दाखवून दिले की अतिशय उंच आईबापांची मुले उंच असली तरी सरासरीने आईबापांपेक्षा कमी उंच असतात. असाधारण निरीक्षणानंतरचे निरीक्षण सरासरीकडे झुकते. एका रविवारच्या गुणांत खेळाडूचे कर्तृत्व असते, तसाच प्रतिपक्षाचा दुबळेपणा, वाऱ्याची दिशा आणि चेंडूची उसळीही असते. टचडाऊन तर विशेष फसवे. अंतिम रेषेच्या एका यार्डावर चेंडू कोणाच्या हाती दिला जातो, यावर सहा गुणांचा फरक पडतो. म्हणून अनुभवी मंडळी गुणांकडे न पाहता संधीकडे पाहतात: खेळाडू किती वेळ मैदानावर होता, चेंडू त्याच्याकडे किती वेळा दिला वा फेकला गेला. गुण हे पीक आहे आणि संधी हे क्षेत्र; एका वर्षी पीक बुडाले तरी क्षेत्र हातात असलेला शेतकरी पुन्हा उभा राहू शकतो.

परंतु ग्रेचे उदाहरण या नियमालाही पुरून उरते. ३७ वेळा चेंडू मिळणे ही थोडीथोडकी संधी नव्हे. केवळ संधी मोजणारा येथे तितकाच फसला असता. म्हणून आणखी एक पायरी खाली उतरून विचारावे लागते की ही संधी आली कशामुळे, आणि ते कारण टिकणारे आहे काय? ग्रेची संधी प्रशिक्षक बिल बेलिचेक यांच्या एका सामन्यापुरत्या डावपेचातून आलेली होती, आणि प्रतिपक्ष पाहून दर आठवड्याला डाव बदलणारे प्रशिक्षक म्हणूनच त्यांची ख्याती होती.

याच्या उलट उदाहरण २०१८ सालचे. सी. जे. अँडरसन या खेळाडूला त्या हंगामात कॅरोलायनाने काढले होते आणि नंतर ओकलंडनेही ठेवले नव्हते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लॉस अँजेलिस रॅम्सने त्याला घेतले, कारण त्यांचा अव्वल खेळाडू टॉड गर्ली गुडघ्याच्या दुखण्याने बेजार झाला होता. २३ डिसेंबरला अँडरसनने १६७ यार्ड मिळवले आणि पुढच्या सामन्यात १३२. त्या काळी बहुतेक कल्पित लीगचा अंतिम सामना नेमका २३ डिसेंबरच्या आठवड्यात होता. दोन संघांनी टाकलेला माणूस, जवळजवळ फुकट मिळणारा, पण ज्या जागेवर तो आला ती जागा त्या हंगामातील एका समर्थ आक्रमक संघाची होती आणि ती रिकामी होण्याचे कारण स्वच्छ दिसत होते. गेल्या रविवारचे गुण पाहणाऱ्याला त्याच्या नावापुढे काहीच आढळले नसते. कारण पाहणाऱ्याला पुष्कळ आढळले असते.

१९९९ साली सेंट लुईसचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन हंगामापूर्वीच्या सामन्यात जायबंदी झाला आणि त्याच्या जागी कर्ट वॉर्नर आला. कधीकाळी आयोवातील किराणा दुकानात फळ्यांवर माल रचणारा हा माणूस त्या वर्षी ४१ टचडाऊन फेकून सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशी कर्तबगारी आधी ओळखता येत नाही, हे खरे. पण संपूर्ण हंगामाची जागा रिकामी झाली आहे, एवढे ओळखता येत होते; आणि पडत्या भावात मिळणाऱ्या अज्ञात वस्तूसाठी तेवढे कारण पुरेसे असते.

बंद लिफाफा

दुसरा प्रश्न किमतीचा. पुष्कळ लीगमध्ये प्रत्येकाला हंगामाच्या आरंभी कल्पित शंभर डॉलर दिले जातात. मोकळ्या खेळाडूसाठी ज्याने त्याने आपली बोली गुप्तपणे नोंदवायची; ठरल्या वेळी सर्व बोल्या उघडल्या जातात, सर्वाधिक बोलीवाल्याला खेळाडू मिळतो आणि त्याच्या थैलीतून तेवढी रक्कम वजा होते. सरकारी कचेरीत निविदा उघडताना पाहिलेल्यांना ही पद्धत नवी नाही. लिलावाच्या भिशीत बसणाऱ्यांनाही तिचे मर्म ठाऊक असते: ज्याला घाई अधिक, तो तोटा अधिक सोसतो.

येथे एक सूक्ष्म धोका आहे. मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करून कॅपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी तो १९७१ साली मांडला. अर्थशास्त्रात त्याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. बारा जण एकाच वस्तूच्या मोलाचा अंदाज बांधतात तेव्हा काहींचा अंदाज कमी पडतो, काहींचा जास्त होतो. लिलाव जिंकतो तो सर्वांत मोठा अंदाज करणारा, म्हणजे बहुधा चुकीच्या दिशेने सर्वांत दूर गेलेला. म्हणून जिंकल्याचा आनंद साजरा करण्यापूर्वी उरलेल्या अकरा जणांना हा खेळाडू एवढ्या मोलाचा का वाटला नाही, हे स्वतःला विचारणे शहाणपणाचे ठरते. सर्वांत कमी दराची निविदा भरून काम मिळवणारा आणि नंतर काम अर्धवट टाकून पळणारा कंत्राटदार हा याच शापाचा आपल्या परिचयाचा अवतार आहे.

मग बोली लावावी तरी कशी? त्यासाठी त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही. समजा, चौदा आठवड्यांच्या साखळीतील सहा आठवडे संपले आहेत. नवा खेळाडू आपल्या सध्याच्या खेळाडूपेक्षा आठवड्याला पाच गुण अधिक देईल असे वाटते. उरलेल्या आठ आठवड्यांत चाळीस गुण. त्याची जागा टिकण्याची शक्यता निम्मीच असेल तर हाती आले वीस. हाच खेळाडू बाराव्या आठवड्यानंतर मिळाला तर साखळीपुरते दहा, आणि शक्यता धरून पाच. लवकर केलेली खरेदी अधिक मोलाची असते, कारण तिचा उपभोग दीर्घकाळ घेता येतो. पण सहाव्या आठवड्यालाच थैली रिती करणाऱ्याला डिसेंबरातील अँडरसन दिसूनही घेता येत नाही. उलट, हंगामाच्या अखेरीस शिल्लक राहिलेल्या कल्पित डॉलरला कवडीचीही किंमत नसते. उधळ्या आणि कृपण दोघेही येथे सारखेच हरतात. आजच्या खरेदीची खरी किंमत म्हणजे तिच्यामुळे उद्या जी खरेदी हुकेल ती, हे वैकल्पिक व्ययाचे तत्त्व पाठ्यपुस्तकातून शिकवताना शिक्षकाची दमछाक होते. येथे ते एका बुधवारी सकाळी उमगते.

सोडण्याचे धैर्य

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो बुद्धीपेक्षा स्वभावाचा आहे. संघातील जागा मोजक्या असल्याने एकाला घ्यायचे तर दुसऱ्याला सोडावे लागते. ऑगस्टमध्ये अग्रक्रमाने निवडलेला खेळाडू ऑक्टोबरपर्यंत निष्प्रभ ठरला तरी त्याला सोडवत नाही. 'एवढा मोलाचा घेतला, आता टाकायचा कसा?' हा विचार मनातून जात नाही. वास्तविक त्याच्यासाठी दिलेले मोल बुडीत खाती गेलेले आहे. त्याला ठेवल्याने ते परत येणार नाही.

ही चूक केवळ हौशी लोकांची नव्हे. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५ साली अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की वरच्या क्रमांकाने निवडलेल्या खेळाडूंना, त्यांच्या कामगिरीचा हिशेब वेगळा केल्यानंतरही, मैदानावर अधिक वेळ दिला जातो आणि संघात अधिक काळ ठेवले जाते. पगारी तज्ज्ञांनाही आपली जुनी चूक कबूल करणे जड जाते, तेथे सामान्यांची काय कथा! बंद पडलेल्या योजनेवर आणखी निधी ओतणारी खाती आणि तोट्यातील शेअर 'निदान घेतल्या भावाला तरी येऊ दे' म्हणून उराशी धरणारा गुंतवणूकदार यांचा रोग हाच आहे.

अर्थात, दर आठवड्याला संघ ढवळून काढणे हाही उपाय नव्हे. धरसोड आणि सुधारणा यांत अंतर आहे. दोन वाईट रविवारांनंतर सोडलेला गुणी खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या दारी जातो आणि तेथे फळतो. म्हणून सोडण्याचा निकषही तोच असावा, जो घेण्याचा: गुण का आटले, आणि ते कारण टिकणारे आहे काय? जागा गेली असेल तर सोडावे. जागा शाबूत असून केवळ दैव रुसले असेल तर धरून ठेवावे.

न्याय कोणता?

या छोट्या बाजाराच्या नियमांत एक सामाजिक प्रश्नही दडलेला आहे. मोकळा खेळाडू वाटण्याची जुनी पद्धत अशी की गुणतक्त्यात जो तळाला, त्याचा हक्क पहिला. दुबळ्याला हात द्यावा, म्हणजे स्पर्धा जिवंत राहते, हे तिच्यामागचे तत्त्व. नवी पद्धत लिलावाची: सर्वांना सारखी थैली, मग ज्याची गरज आणि धारणा तीव्र, त्याने अधिक मोजावे. पहिल्या पद्धतीत समतेचा आग्रह आहे, पण हक्क केवळ दुर्दशेने मिळतो, अभ्यासाने नव्हे. दुसरीत अभ्यासाला वाव आहे, पण दुखापतींनी संघ उद्ध्वस्त झालेल्याला वेगळी सवलत नाही.

दोहोंत निवड करायची तर लिलावाची बाजू अधिक भक्कम म्हणावी लागेल, आणि त्याचे कारण लिलावात नसून थैलीत आहे. आरंभी प्रत्येकाला समान साधने दिली आणि नंतर त्यांच्या वापराचे स्वातंत्र्य दिले, तर निकालातील विषमतेबद्दल तक्रार करण्यास फारशी जागा उरत नाही. प्रत्यक्ष जगातील बाजारांची गोष्ट वेगळी. तेथे थैल्या समान नसतात. म्हणून तेथे जास्त बोली लावणाऱ्याची गरज जास्त असते असे मानणे हा शुद्ध भ्रम ठरतो. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसला तरी पुष्कळ झाले.

कौशल्य, नशीब आणि पैसा

आता आपल्या दाराशी असलेला प्रश्न. भारतात हा प्रकार क्रिकेटच्या रूपाने रुजला, आणि त्यातील सर्वांत मोठी कंपनी, ड्रीम इलेव्हन, मुंबईचीच. हा खेळ कौशल्याचा की जुगार, या वादात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली कौशल्याच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा नवा कायदा संमत करून हा वादच बाजूला सारला: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंच्या मिश्रणाचा, त्यात पैसे लावून पैसे मिळवण्याची अपेक्षा असेल तर तो निषिद्ध. त्यानंतर कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. कायद्याला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले.

या वादात एक मुद्दा बहुधा निसटला. कौशल्य हा खेळाचा अंगभूत गुणधर्म नसून ते किती निर्णयांनंतर निकाल लागतो यावर अवलंबून असते. हंगामभर चालणाऱ्या अमेरिकन लीगमध्ये दर आठवड्याला घेण्या-सोडण्याचे निर्णय असतात; त्यांची बेरीज होता होता दैवाचे चढउतार एकमेकांना छेदतात आणि विचार करणारा हळूहळू वर येतो. आपल्याकडे लोकप्रिय झाला तो एका संध्याकाळचा खेळ: सामन्यापूर्वी अकरा नावे निवडायची आणि रात्री निकाल. मध्यावरची निवड, राखून ठेवलेली थैली, सोडण्याचे धैर्य हे जे या छंदाचे शिक्षण, तेच त्यातून वगळले गेले. उरला एकच रविवार, आणि एका रविवारचा भरवसा किती असतो हे जोनास ग्रेने दाखवलेच आहे. महिन्याच्या पगारातून घर चालवणाऱ्या कारकुनाने किंवा शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलाने अशा एका संध्याकाळवर पैसे लावावेत आणि त्याला कौशल्य म्हणावे, हे तर्काला धरून नव्हते. बंदीने हे पैसे चोरट्या मार्गाने वाहू लागतील ही भीती निराधार नाही. पण त्या भीतीपोटी सट्ट्याला विद्येचा मान देता येत नाही.

पैसा वगळून मात्र या खेळास कोणाचीच हरकत नाही आणि असूही नये. किंबहुना पैसा नसतो तेव्हाच त्यातील धडा निर्मळपणे शिकता येतो, कारण चुकीची किंमत फक्त तक्त्यावरील स्थानाने चुकवावी लागते. एखाद्या महाविद्यालयातील बारा विद्यार्थ्यांनी कागदावर संघ रचून, सारख्या थैल्या घेऊन, हंगामभर बंद लिफाफ्यांचा लिलाव चालवला आणि प्रत्येक बोलीसोबत तिचे कारण दोन ओळींत लिहून ठेवले, तर हंगामाच्या अखेरीस त्या कारणांची वही गुणतक्त्यापेक्षा अधिक मोलाची ठरेल. कोणते अंदाज विचारपूर्वक होते आणि फसले, कोणते अविचारी होते आणि फळले, हे तिच्यात शाईने लिहिलेले असेल. निकालावरून निर्णय जोखण्याची सवय सुटणे, हीच या शिक्षणाची कसोटी. ज्याला ती साधली तो शेअरच्या भावफलकापुढे, निवडणुकीच्या निकालापुढे आणि परीक्षेच्या गुणपत्रिकेपुढेही थोडा अधिक शांत उभा राहील. गेल्या रविवारचा भाव त्याला भुलवू शकणार नाही.